मेल्स गावचे मृत: एक खांब, एक घोडा, एक भिंत

इंग्लंडातल्या जवळजवळ प्रत्येक खेड्यात पहिल्या महायुद्धातल्या मृतांची नावं कोरलेला दगड असतो. चर्चमध्ये असतो, चर्चच्या आवारात असतो, नाहीतर तिठ्यावर. एकही माणूस न गमावलेली गावं इतकी थोडी, की पुढे त्यांची वेगळी यादी करावी लागली. अभ्यासाला एखादं गाव घ्यायचं तर निवडीला वाव भरपूर आहे. मी मेल्स घेतलं, कारण तिथे थोडक्या अंतरात मृतांची नावं लिहिण्याच्या तीन तऱ्हा पाहायला मिळतात. आणि तिन्हींमध्ये एकाच वास्तुविशारदाचा हात आहे, एडविन लुटियन्स यांचा. नवी दिल्लीवाले लुटियन्स, तेच.

मेल्स सॉमरसेट परगण्यात, मेंडिप टेकड्यांच्या मुलखात येतं. फ्रूम हे जवळचं बाजाराचं गाव. मेल्सचा वाडा सोळाव्या शतकापासून हॉर्नर घराण्याकडे होता आणि वाड्याला लागूनच सेंट अँड्र्यूचं चर्च. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाड्यावर सर जॉन हॉर्नर आणि त्यांची पत्नी फ्रान्सेस राहत. फ्रान्सेसबाई कलावंतांत वावरलेल्या, चित्रकार बर्न-जोन्स यांच्या जवळच्या स्नेही. त्यांची बहीण ॲग्नेस जीकल घराण्यात दिलेली. त्याच घरातल्या गर्ट्रूड जीकल या नामवंत उद्यानरचनाकार बाईंनी तरुण लुटियन्सना मोठमोठी गिऱ्हाइकं मिळवून दिली होती. म्हणजे मेल्समधली कामं लुटियन्सकडे आली ती नात्यागोत्यातून. हे आधीच सांगून ठेवतो, कारण वाड्याचं दुःख कोणत्या वाटेने दगडात उतरलं हे त्यावरून कळतं.

हॉर्नरांना दोन मुली आणि दोन मुलगे. धाकटा मार्क १९०८ मध्ये स्कार्लेट फीव्हरने गेला. उरला थोरला, एडवर्ड. ईटन, मग ऑक्सफर्डचं बेलियल कॉलेज, मग वकिली, आणि लंडनच्या बड्या घरांतल्या तरुणांच्या कंपूत उठबस, असं त्याचं चाललं होतं. बहीण कॅथरीन हिचं लग्न १९०७ मध्ये रेमंड ॲस्क्विथशी झालं. रेमंड अतिशय हुशार म्हणून नावाजलेला बॅरिस्टर. लग्नानंतर वर्षभरातच त्याचे वडील एच. एच. ॲस्क्विथ ब्रिटनचे पंतप्रधान झाले.

युद्ध सुरू झालं तेव्हा रेमंड पस्तिशीचा होता, पदरी दोन मुली. तरी तो सैन्यात गेला. १९१६ मध्ये काही महिने त्याला मुख्यालयात सुरक्षित काम मिळालं होतं, ते सोडून तो पुन्हा ग्रेनेडियर गार्ड्समध्ये परतला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर, ज्या दिवशी रणगाडे इतिहासात पहिल्यांदा वापरले गेले त्याच दिवशी, तो आपल्या तुकडीला घेऊन पुढे निघाला आणि छातीत गोळी लागून पडला. जखम जिवावरची आहे हे शिपायांना कळू नये म्हणून त्याने सिगारेट पेटवली, असं त्याच्याबद्दल सांगतात. मलमपट्टीच्या ठाण्यावर पोचण्याआधीच तो गेला. वडील तेव्हा पंतप्रधानपदावरच होते. मुलगा ज्युलियन पाच महिन्यांचा होता.

एडवर्ड १९१५ च्या मे महिन्यात बेल्जियममधल्या ईप्र भागात इतका जखमी झाला, की त्याचं एक मूत्रपिंड गेलं. आईवडील इंग्लंडहून सर्जन आणि नर्स बरोबर घेऊन फ्रान्सला त्याच्या खाटेशी पोचले. फौजेतल्या साध्या शिपायाच्या आईला हे स्वप्नातही शक्य नव्हतं. बरा झाल्यावर तो पुन्हा घोडदळात, अठराव्या हुसार्समध्ये गेला आणि २१ नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रेच्या लढाईत नॉयेल या गावी मारला गेला. हॉर्नर घराण्यातला तो थेट वारसातला शेवटचा पुरुष. वाडा पुढे कॅथरीनकडे, म्हणजे ॲस्क्विथांच्या घरात गेला.

यातलं कुणीही घरी परत आलं नाही. जिवंत नाही आणि मेल्यावरही नाही. गावोगावच्या दगडांचं मूळ इथे आहे. युद्धाच्या पहिल्या वर्षात पैसेवाली घरं आपल्या मुलांचे देह फ्रान्समधून खणून घरी आणत होती. एप्रिल १९१५ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नातवाचा देह खुद्द राजाच्या परवानगीने हॉर्डन या गावी आणला गेला, आणि त्यानंतर हे बंद झालं. कबरींची व्यवस्था पाहणारे फेबियन वेअर यांचं म्हणणं सरळ होतं. एकाला परवानगी दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, आणि सगळ्यांना देणं शक्य नाही. एका माजी पंतप्रधानाचा नातू घरी आला. पुढच्याच वर्षी विद्यमान पंतप्रधानाचा मुलगा तिकडेच पुरला गेला.

त्यापुढचं पाऊल १९१८ मध्ये युद्धकबर आयोगासाठी लिहिलेल्या केन्यन अहवालाने टाकलं. कबरीवरचा दगड सगळ्यांना सारख्याच घडणीचा. जनरल असो वा गाडीवान, दगड एकाच मापाचा, ओळीत उभा. आपल्या ऐपतीप्रमाणे मोठं थडगं बांधायला मनाई. यावर घराघरांतून संताप उसळला. क्रूसाच्या आकाराचा दगड तरी द्या, म्हणून लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी आठ हजारांवर सह्यांचा अर्ज केला. ४ मे १९२० रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यावर कडाक्याची चर्चा झाली आणि समान दगडाचं धोरण टिकलं. रेमंडची कबर आजही गिमाँ रोडच्या दफनभूमीत आहे, शेजारच्या शिपायाच्या कबरीएवढीच.

मात्र हा नियम लष्करी दफनभूमीपुरता होता. इंग्लंडातल्या चर्चच्या आत कुणी काय उभारावं, यावर वेअरसाहेबांची हुकमत नव्हती. तिथे बिशपच्या कचेरीची रीतसर परवानगी लागे, बाकी पैसा आणि वजन असेल तर वाट मोकळी. फ्रान्समध्ये अडवलेलं दुःख मेल्सच्या चर्चमध्ये शिरलं ते या वाटेने.

एडवर्डसाठी फ्रान्सेसबाईंनी आल्फ्रेड मनिंग्ज यांच्याकडून ब्राँझचा घोडेस्वार करवून घेतला. मनिंग्ज घोड्यांचे चित्रकार म्हणून गाजलेले, शिल्पात तेव्हा नवखे. लोकांच्या नजरेस पडेल असं हे त्यांचं पहिलंच शिल्प. बोडक्या डोक्याचा तरुण, खाली थकलेला शांत घोडा. त्याखालचा चौथरा लुटियन्सचा, आणि त्याची ठेवण सेनोटाफच्या, म्हणजे लंडनमधल्या युद्धमृतांच्या मुख्य स्मारकाच्या घराण्यातली. सेनोटाफही त्यांचाच. एडवर्डच्या कबरीवर मुळात रोवलेला लाकडी क्रूस या चौथऱ्याच्या पाठीत बसवला आहे. दगडी खुणा आल्यावर जुने लाकडी क्रूस मागितले तर कुटुंबांना मिळत, आणि इंग्लंडातल्या कितीतरी चर्चमध्ये ते अजून भिंतीला टेकून उभे आहेत. मला विचाराल तर अख्ख्या स्मारकात सगळ्यात बोलका तो लाकडाचा तुकडा आहे. ब्राँझ पैसे मोजून घेता येतं. ते लाकूड मात्र एडवर्डच्या डोक्याशी, कांब्रेच्या मुलखातल्या मातीत उभं होतं.

घोडेस्वार पाहिला की मराठी माणसाला वीरगळ आठवतोच. आपल्याकडच्या देवळांबाहेर ते रांगेने पडलेले असतात. खाली लढाई, मध्ये अप्सरांच्या हातून स्वर्गाकडे निघालेला वीर, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. त्यातल्या बहुतेकांवर अक्षर नाही. कोण होता, कुठल्या झुंजीत पडला, हे गाव विसरलं की दगडही विसरला. एडवर्डचं तसं होण्याची भीती नाही. नाव, पलटण, तारीख, सगळं आहे.

रेमंडची नोंद याहून संयमी. चर्चच्या मनोऱ्याच्या भिंतीत थेट दगडावर लॅटिन मजकूर कोरला आहे. कोरणारे एरिक गिल, त्या काळचे अक्षरांचे सर्वोत्तम कारागीर. वर लुटियन्सने रेखलेली ब्राँझची पुष्पमाला. वेगळी पाटी ठोकलेली नाही, खुद्द भिंतच पान झाली आहे. पाहायला फार देखणं. पण लॅटिन! गावातल्या किती जणांना ते वाचता येत असेल? ज्यांना वाचता यावं अशी अपेक्षा होती, ते बहुतेक रेमंडबरोबर कॉलेजात असलेले, आणि त्यांतलेही अनेक तोवर मेले होते.

आता गावाचा खांब. त्याची जागा ठरवायला लुटियन्स गावातल्या प्रतिष्ठितांबरोबर गावभर हिंडले. त्या फेरीनंतर त्यांनी लिहिलं, की यांची सगळी तरुण पोरं मारली गेलीत. जागा ठरली ती चर्चच्या आत नाही, रस्त्यावर. उंच खांब, माथ्यावर ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज. दोन्ही अंगांना तिथल्याच दगडाच्या ओबडधोबड भिंती, त्यांवर यू झाडाचं कुंपण, खाली फुलं ठेवायला कट्टे. खांबाच्या पायथ्याशी नावं. त्यांवरचा मजकूर त्या वेळचे राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांचा. त्यात मेलेलेच बोलतात. आम्ही परक्या देशात मेलो, आणि हा दगड मात्र आमच्या लाडक्या घरी उभा राहिलाय, असा त्याचा आशय. भाषा इंग्रजी, साधी, ऐकूनही समजेल अशी. २६ जून १९२१ रोजी ब्रिगेडियर जनरल आर्थर ॲस्क्विथ यांनी खांबाचं अनावरण केलं. रेमंडचा हा भाऊ. म्हणजे तोही त्या दिवशी एका नावाचा नातेवाईक म्हणूनच उभा होता.

चर्चमध्ये घोड्यावर बसलेला एडवर्ड आणि लॅटिनमध्ये गौरवलेला रेमंड, दोघंही या खांबावर गावच्या इतर पोरांबरोबर एका यादीत आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात आणखी नावांची भर पडली. मला या प्रकरणात रस आहे तो या दुहेरी नोंदीत. आत दोनच माणसं आहेत, भरपूर तपशिलासह. बाहेर सगळी आहेत, तपशिलाशिवाय. वाड्याच्या पोरांची पत्रं जपली गेली, चरित्रं लिहिली गेली, मित्रांच्या आठवणींत ते पानापानाला भेटतात. बाकीच्यांच्या वाट्याला आडनाव आणि पुढचं अक्षर. यावरून समतेचा सगळा देखावा होता, असं म्हणणारे म्हणतात. मला ते पटत नाही. आडनाव आणि एक अक्षर ही क्षुल्लक गोष्ट नाही, कारण तेवढ्यावरून माणूस सापडतो.

कसा, ते थोडं तपशिलात सांगतो. गावच्या दगडावरची नावं शोधून काढणारे हौशी अभ्यासक इंग्लंडात परगण्यापरगण्याला आहेत, आणि त्यांची पद्धत एव्हाना ठरून गेलेली आहे. पहिली पायरी कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाची यादी. आडनाव आणि आद्याक्षर टाकलं की त्या नावाचे पाच-पन्नास निघतात. युद्धानंतर आयोगाने घरोघर छापील फॉर्म पाठवले होते, त्यामुळे पुष्कळांच्या नोंदीत आईबापांची नावं आणि गाव आहे. तिथे जुळलं तर काम फत्ते. नाही जुळलं तर १९११ ची जनगणना. त्या गावात त्या आडनावाचं घर कुठलं, पोरगा काय वयाचा, कुणाकडे राबत होता, हे तिथे कळतं. मग पदकांची कार्डं, मग शिपायाच्या मागे राहिलेल्या पैशांचं रजिस्टर. हे शेवटचं फार कामाचं, कारण थकलेला पगार आणि वर मिळालेली रक्कम कुणाच्या हाती गेली ते त्यात लिहिलेलं असतं. आईच्या, बायकोच्या, की बहिणींमध्ये वाटून. कोरड्या हिशेबाच्या त्या एका ओळीत अख्खं घर दिसतं. शिपायांच्या सेवानोंदी मात्र थोड्यांच्याच मिळतात. सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात ते कोठार पेटलं, आणि निम्म्याहून अधिक कागद जळाले. उरलेल्यांच्या कडा करपलेल्या आहेत आणि अभ्यासक त्यांना जळके कागद म्हणूनच ओळखतात.

हे सगळं शक्य होतं ते दगडावर टोक धरायला एक नाव आहे म्हणून.

नाव यादीत आलं कसं, हाही भाग पाहायला हवा, कारण इंग्लंडात यासाठी सरकारी नियम नव्हता. गावची समिती ठरवेल ते. जन्म इथला की राहणं इथलं? मुलगा दुसरीकडे नोकरीला, पण आईबाप इथे, मग? एकाच माणसाचं नाव दोन-तीन गावांच्या दगडांवर आणि शिवाय शाळेच्या पाटीवर, असं सर्रास दिसतं. उलट एखादा कुठेच नाही, कारण यादी झाली तेव्हा घरचे गाव सोडून गेले होते. विषारी वायूने फुप्फुसं जाऊन चार-पाच वर्षांनी अंथरुणात मेलेल्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक समितीने आपापल्या मगदुराप्रमाणे सोडवला. आणि दगड चर्चमध्ये लावावा की रस्त्यावर, हा वाद तर ठरलेला. सगळं गाव एका पंथाचं नसे. मेथडिस्ट बाईने आपल्या मुलाच्या नावाला फूल वाहायला अँग्लिकन चर्चची पायरी का चढावी?

मुद्दाम वगळलेलेही आहेत. केंट परगण्यातल्या शोरममध्ये जन्मलेला थॉमस हायगेट हा पळून गेल्याबद्दल गोळी घातला गेलेला त्या युद्धातला पहिला ब्रिटिश शिपाई. सप्टेंबर १९१४, मार्नच्या लढाईची सुरुवात. तो साध्या कपड्यांत एका कोठीत सापडला. ६ तारखेला खटला, त्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, आणि ८ तारखेला सकाळी, इतर तुकड्यांना जरब बसावी म्हणून, त्यांच्यासमोर शिक्षा. २००० साली शोरमची जुनी पाटी बदलायची वेळ आली तेव्हा त्याचं नाव घालायचं का, यावर गावात तट पडले. पंचायतीने नाव घातलं नाही, पण पुढेमागे लोकांचं मन बदललं तर म्हणून जागा मोकळी सोडली. २००६ च्या कायद्याने अशा ३०६ जणांना माफी मिळाली. फ्रान्समधल्या ला फेर्ते-सू-जुआर इथल्या बेपत्तांच्या स्मारकावर हायगेटचं नाव आधीपासूनच आहे. म्हणजे ज्या सैन्याने गोळी घातली, त्याच सैन्याच्या मृतांत तो मोजला गेला. अडलं ते गावात.

आता आपल्याकडे. सॉमरसेटची नाळ इथे खरोखर जुळते, ओढूनताणून नाही. सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीच्या टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवक शिपायांच्या पलटणी १९१४ च्या अखेरीला थेट हिंदुस्थानात धाडल्या होत्या, इथल्या नेहमीच्या फौजा युरोपात न्यायच्या म्हणून. त्यांतली एक १९१६ च्या सुरुवातीला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली आणि कूट-अल-अमाराला पडलेला तुर्कांचा वेढा फोडायला निघालेल्या फौजेत सामील झाली. कूटच्या आत अडकली होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या, १०३ वी आणि ११० वी. साताऱ्याची, कोकणाची माणसं. वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडलं.

म्हणजे टायग्रिसच्या काठी सॉमरसेटचा शेतमजूर आणि साताऱ्याचा कुणबी एकाच कामासाठी मेले. ज्यांची कबर सापडली नाही अशांसाठी १९२९ मध्ये बसराचं स्मारक झालं. त्यावर सॉमरसेटच्या शिपायाचं नाव दगडात कोरलं. भारतीय अधिकाऱ्यांचीही नावं कोरली. भारतीय शिपायांची मात्र कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि खाली आकडा. असे तेहतीस हजारांहून अधिक. धर्म, वर्ण, हुद्दा यांत भेद करणार नाही, हे तत्त्व आयोगानेच घालून दिलेलं होतं. फ्रान्समध्ये ते पंतप्रधानाच्या मुलालाही चुकलं नाही, आणि बसऱ्यात साताऱ्याच्या शिपायाला ते लागू झालं नाही. आयोगाने हे २०२१ च्या अहवालात लेखी कबूल केलं आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. अहवालाचा अंदाज असा, की किमान १ लाख १६ हजार माणसं, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने नोंदलीच गेली नाहीत किंवा मुळीच नोंदली गेली नाहीत. त्यांतली बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतली.

गावपातळीवर हाच फरक आणखी ढळढळीत दिसतो. युद्धानंतर सरकारने हिंदुस्थानातल्या अनेक गावांना संगमरवरी पाट्या दिल्या. मजकूर ठरीव. या गावातून इतके इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. रिकाम्या जागी आकडा. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगेचं पहिल्या महायुद्धातलं बलिदान गाव अभिमानाने सांगतं, आणि त्यात ४६ हा आकडा पुढे येतो. गावाचं नावच मिलिटरी पडलं. अशा पाट्यांवर आकडा असतो, माणूस नसतो. ज्या साली मेल्सचा खांब उघडला, त्याच १९२१ च्या फेब्रुवारीत दिल्लीत इंडिया गेटची कोनशिला बसली. रचनाकार लुटियन्सच. त्यावर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत, पण ती दिल्लीत, कमानीच्या अंगावर उंच. साताऱ्याची आई तिथे बोट फिरवायला कधी जाणार?

तरी टोक अगदीच तुटलेलं नाही. बसऱ्याच्या दगडावर जागा न मिळालेल्यांची नावं कागदावर होती, आणि आता ती आयोगाच्या ऑनलाइन यादीत आहेत. अनेकांपुढे बापाचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका आणि सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर असं लिहिलेलं असतं. शोधताना अडचण एकच, पण मोठी. गावाचं नाव ज्या कारकुनाने रोमनमध्ये उतरवलं, त्याने ते जसं कानावर पडलं तसं लिहिलं. त्यामुळे नेहमीच्या स्पेलिंगने शोधलं तर हाती काही लागत नाही. पलटणीचं नाव, स्मारकाचं नाव आणि गावाची चार-सहा वेडीवाकडी स्पेलिंगं, अशी जुळणी करून पाहावी लागते. आडनावाच्या जागी कधी आडनाव, कधी बापाचं नाव. मग गावातल्या जुन्या घरांशी, सातबाऱ्याशी, भाटाच्या वहीशी पडताळा. इंग्लंडातले हौशी अभ्यासक जनगणनेचा कागद लावतात, तिथे आपल्याला हे लावावं लागेल. ज्या गावात आकड्याची पाटी आहे, तिथल्या शाळेच्या एखाद्या शिक्षकाने वरच्या वर्गातली दहा पोरं घेऊन बसायचं ठरवलं, तर एका सुट्टीत पाटीवरच्या आकड्यातली निदान काही नावं निघावीत. पाटीशेजारी भिंतीला जागा असतेच.